डावीकडची सीट

लढाई संपल्यावर ओत्तोरीनोने हौसेने घेतलेल्या त्या लांब नाकाच्या गाडीचं स्टीअरिंग उजवीकडे होतं. इटलीत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, पण घाटात दरीची कड दिसावी म्हणून तेव्हाचे दर्दी अशीच गाडी घेत. ट्रकमागे अडकलं की मात्र पुढचं काही दिसायचं नाही. मग डावीकडे बसलेली त्याची बायको आर्मीदा मान बाहेर काढून म्हणायची, "जा." आणि तो डोळे झाकून जायचा.

ती गेल्यापासून त्याने कुणाला ओव्हरटेक केलं नव्हतं.

"मामा, आपण पोचेपर्यंत लग्नातले पाहुणे जेवून झोपतील," डाव्या सीटवरून भाची फियोरेन्झा म्हणाली. "मी बघून सांगते ना."

"ते काम तुझं नाही. झोप तू."

ती खरंच झोपली. भरदुपारी घाटात धुकं उतरलं. पुढच्या लाकडं भरलेल्या ट्रकचे नुसते लाल दिवे उरले. सीटच्या जुन्या चामड्याला अचानक आर्मीदा लावायची त्या व्हायोलेट पावडरचा वास आला, आणि पाठोपाठ तो आवाज, जरासा बसका.

ओत्तोरीनोचा पाय सवयीने ॲक्सिलरेटरवर दाबला गेला. गाडी ट्रकमागून बाहेर पडली.

मग त्याच्या लक्षात आलं. आवाज डावीकडून आला नव्हता. पुढून, धुक्यातून आला होता.

"ये," आर्मीदा म्हणाली होती. "रस्ता मोकळा आहे."