गुरुवारची चिठ्ठी

सरकारी दवाखान्याच्या चौदा नंबरच्या खोलीत छतापर्यंत सलाइनची खोकी रचलेली पाहून ढेपेअण्णा बुचकळ्यात पडले. हातातल्या चिठ्ठीवर तर 'खोली चौदा, गुरुवार, अकरा वाजता' असंच होतं. "डोक्यावर नको, कागदावर भरवसा ठेवा," असं इथल्या स्मृतिकेंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनीच त्यांना शिकवलं होतं.

"अण्णा, सरकारचं अनुदान थांबलं, केंद्र बंद झालं," झाडता झाडता मावशी म्हणाल्या. "मागच्या गुरुवारी पण सांगितलं की हो तुम्हाला."

अण्णांनी चिठ्ठी उलटली. मागं त्यांच्याच वळणदार अक्षरात चार वेळा लिहिलं होतं: केंद्र बंद. येऊ नये.

अण्णा हादरलेच. "मावशी, माझं विसरणं फारच वाढलंय हो! बाईंना आजच दाखवायला हवं. किती वाजता येतात त्या?"