दुसरी खुर्ची

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत मी खास बांधून घ्यायच्या स्पीकरची ऑर्डर दिली. आठ आठवडे सांगितले होते, चौदावा चालू होता. शेवटी ऑफिसातून वर्कशॉपला फोन लावला आणि तिथे ऑर्डरी सांभाळणाऱ्या मिसेस प्रॅटना जरा तडकूनच विचारलं.

"मिस्टर रोहेकर, उशीर आमच्याकडून नाही," त्या म्हणाल्या. "ऐकणारा कुठे बसतो, त्या मापाने आम्ही स्पीकर बांधतो. तुमच्या घरच्या बाई दुसऱ्या खुर्चीचं माप सारखं बदलतायत."

एडिनबराच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी एकटा राहतो. खुर्ची एकच आहे. ऑर्डरच्या फॉर्मवरही एकच लिहिली होती.

"कसलं माप?"

कागद चाळल्याचा आवाज आला. "मार्चमध्ये तुमच्या खुर्चीच्या मागे बारा फूट. ईस्टरला आठ. गेल्या सोमवारी दोन."

माझ्या खुर्चीच्या मागे बारा फुटांवर बाहेरचं दार आहे.

"त्यांचं ऐकू नका," मी म्हणालो. "माझ्या एकट्याचंच माप धरा."

"तेच धरलंय," मिसेस प्रॅट खुशीत म्हणाल्या. "सकाळीच त्यांचा फोन आला होता. म्हणाल्या, दुसरी खुर्ची रद्द करा. आता आमचं एकाच खुर्चीत भागतं."