चिमटा

"आमच्या घरात चिमटा न्हाई," हौशीराम म्हणाला आन् पाव्हण्यांच्या तोंडाकडं बघत बसला.

चुलीपाशी त्याची लेक झुंबर भाकरी करीत व्हती. तिनं तव्यावरची भाकरी काढली, आरापाशी उभी केली, बोटांनीच फिरवली. फुगल्यावर निखाऱ्यातनं उचलून टोपलीत टाकली. घाई न्हाई का बोटांवर फुंकर न्हाई.

"हिला कुटं भाजतंय," हौशीराम म्हणाला. "परवा कामशेतची माणसं सुपारी फोडायला येत्यात. उगं न्हाई पसंत केली. भाकरी खाल्ली तवाच हो म्हणली."

पाव्हणं म्हंजी पुण्याचं तीन तरणं डॉक्टर. नुकतीच परीक्षा पास झालेलं, लोहगड चढून दमलेलं. हौशीराम मळवलीत ज्या बंगल्याची राखण करायचा, त्याच्या मालकाचा भाचा गुप्ते त्यांच्यातलाच. बंगल्यात गार पोळ्या कशाला खाता म्हणून हौशीरामनं तिघांना घरी आणलं आन् कोंबडी कापली.

चष्मेवाला डॉक्टर रस्सा वरपत म्हणाला, "मावशी, माझ्या आईला यातलं काही कळता कामा नये."

"कळायचं न्हाई," हौशीरामची बायकू विठाबाई म्हणाली. "पर तेवढा घाम पुसा. त्योच चुगली करंल."

हसून हसून जाड्या डॉक्टरला ठसका लागला. मग त्याला बी हुक्की आली. म्हणाला, मीही काढतो भाकरी. चुलीत हात घातला आन् लगेच तोंडात घातला. सगळं घर हसलं.

"बघू, तू हाताला काय लावतेस?" गुप्तेनं झुंबरला इचारलं. ती लाजली.

"डॉक्टर हाय. दाव की," हौशीराम म्हणाला.

गुप्तेनं हात कंदिलाच्या उजेडात धरला. बोटावर फोड फुटून चिघळली व्हती.

"हे कधी भाजलं?"

"भाजलंय व्हय?" झुंबरनं वाकून बघितलं. "काय की."

मनगटाच्या वर एक फिका डाग व्हता. गुप्ते त्या डागाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एक खेळ खेळू या."

दारात कोंबडीची पिसं पडली व्हती. त्यानं एक उचललं. "डोळे मीट. पीस लागलं की सांग."

झुंबरनं डोळं मिटलं. त्यानं दंडाला पीस लावलं.

"लागलं."

कोपराला लावलं.

"लागलं."

मग त्यानं पीस डागावर ठेवलं. हळूच फिरवलं. तितनं खाली आणलं, बोटांवर फिरवलं, परत डागावर नेलं. झुंबर डोळं मिटून गालात हसत बसली व्हती.

"लावा की डॉक्टर," ती म्हणाली. "कवाधरनं बसलीय मी."

विठाबाई पदर तोंडाला लावून हसली. हौशीरामनं मांडीवर थाप मारली. डॉक्टरांचीच कशी जिरवली पोरीनं. डॉक्टर मातर एकमेकांकडं बघत व्हतं.

गुप्ते ताटावर येऊन बसला. "झुंबर, अजून एक भाकरी वाढ." त्याचं पोट कवाच भरलं व्हतं. पर त्यानं तिच्या हातनं भाकरी घेतली आन् सगळी खाल्ली.

गाडीची येळ झाली. हौशीराम कंदील घेऊन टेसनापत्तुर आला. दोघं म्होरं गेलं तसा गुप्ते मागं थांबला.

"भाऊ, परवाची सुपारी थांबवा."

"का वं?"

"तिला भाजत नाही ना, ते त्यामुळंच. महारोगाची सुरुवात आहे."

हौशीरामनं कंदील या हातातनं त्या हातात घेतला.

"औषध?"

"पक्कं औषध अजून निघालं नाही. तेलाची सुई असते. वर्षानुवर्षं टोचून घ्यावी लागते. कुणाचा आजार थांबतो, कुणाचा नाही. तिला पुण्याला घेऊन या, मी आहे."

"आन् लगीन?"

गाडी आली. चष्मेवाल्यानं खिडकीतनं हात जोडलं. म्हणाला, "भाऊ, अशी संध्याकाळ पुन्हा मिळायची नाही."

हौशीराम घरी आला तवा विठाबाई भांडी घाशीत व्हती.

"काय म्हणली पोरं?"

"भाकरी चांगली व्हती म्हणली."

"परवा कामशेतकर बी हेच म्हणतील बघा."

झुंबर चुलीपाशी बसली व्हती. सकाळला इस्तू राहावा म्हणून ती निखारं गोळा करून राखंत पुरीत व्हती. रोजच्यासारखी, हातानंच. हौशीराम पायताण न काढताच आत गेला आन् त्यानं तिचं मनगट धरलं.

"काढ हात. भाजंल."

झुंबर हसली.

"मला कुटं भाजतंय, आबा."