कर्नलमधला र

छापखान्याच्या ओसरीवर, बाकड्याच्या टोकाला बसून जमील ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. कोलोनेल लिहायचं आणि कर्नल म्हणायचं. त्यात र कुठेच नाही, तरी म्हणायचा. उलट 'नाइफ'मधला के चांगला ठळक लिहायचा आणि म्हणायची वेळ आली की गिळून टाकायचा. ही इंग्रजी भाषा ज्यांनी बनवली, त्यांच्या घरात त्यांना जाब विचारणारं कुणी मोठं माणूस नव्हतं, एवढं मात्र नक्की.

आत गोरा साहेब एकेकाला बोलवत होता. नाशिक रोडच्या या छापखान्यात गठ्ठे बांधायच्या खोलीत एक जागा रिकामी झाली होती. छापलेल्या कागदांचे गठ्ठे बांधायचे, वर लाखेचं सील मारायचं. काम हमालीचंच, पण कायमचं. आणि जमीलला कायमचंच काम हवं होतं.

त्याची बायको जुलेखा पावसाळ्यापासून नांदगावला माहेरी होती. विडीच्या कारखान्यातलं जमीलचं काम सुटलं तसा सासरा आला आणि लेकीला घेऊन गेला. जाताना शांतपणे म्हणाला, "जमीलमियाँ, पक्की नोकरी लागली की या, माझी ना नाही. पण ईदपर्यंत नाहीच लागली, तर मला पोरीचा दुसरा विचार करावा लागेल."

दुसरा विचार म्हणजे काय, हे विचारायची जमीलची छाती झाली नाही. ईद आता तोंडावर आली होती.

या जागेची खबर खाजामामूंनी आणली. जमीलचे हे मामू त्याच खोलीत जमादार होते.

"साहेब कागद पुढं धरतो आन् म्हणतो, वाच," मामूंनी सांगितलं होतं. "माझ्या टायमाला मला ए कळेना की बी कळेना. मान खाली घालून उभा राह्यलो. साहेबाला दया आली, ठेवून घेतलं. लय दयाळू माणूस! खोलीतले आम्ही सगळेच तसले अंगठाबहाद्दर. पण कुणाकुणावर दया करील तो? मागं एक मॅट्रिकवाला आला होता, फडाफडा वाचला. साहेब खूश. मोठ्या जागेवर लावला असेल त्याला, इकडं पुन्हा दिसला नाय. तू तसा वाच, बेटा."

"तिथं काय छापतात, मामू?"

"अल्ला जाणे. मी गठ्ठा बांधतो."

जमील उर्दू चौथी शिकलेला. त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी मगरीबच्या नमाजनंतर सलाउद्दीन मास्तरांच्या घरी जाऊन बसू लागला. इंग्रजीने त्याच्या नाकी नऊ आणले. 'टफ' आणि 'थ्रू' या दोघांना शेपूट एकच, पण एकाचं फ होतं आणि दुसऱ्याचं ऊ. एकदा तर त्याने पाटीच आपटली.

"मास्तर, आपल्यात लिहिलं तसं वाचतात. हे लोक असे का?"

मास्तर हसले. "तुझ्या मामूंचं नाव लिही बरं उर्दूत."

जमीलने लिहिलं.

"यातलं वाव हे अक्षर कधी वाचलंस?"

जमीलने ते नाव पुन्हा वाचून पाहिलं. मामूंच्या नावात एक मुकं अक्षर बसलंय हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. तेव्हापासून त्याचा इंग्रजीवरचा राग थोडा निवळला. भीती मात्र तशीच राहिली. झोपेतही त्याला साहेब कागद धरून उभा दिसे.

बाकड्यावर आता दोघेच उरले होते. शेजारचा झिपरू पेठ तालुक्याकडचा, भातशेतीतला गडी. पाय पसरून तो निवांत भिंतीला टेकला होता.

"तुला वाचता येतं का रे?" जमीलने विचारलं.

"नाय रं दादा. मला काय वाचाया येतंय?"

जमीलला त्याची कीव आली. खरं सांगायचं तर हायसंही वाटलं.

तेवढ्यात पट्टेवाल्याने जमीलचं नाव पुकारलं.

आत टेबलामागे साहेब होता, बाजूला हेडक्लार्क. साहेबाने छापील कागद पुढे केला. "रीड."

पहिल्याच ओळीत तो शब्द होता. "कोलो..." म्हणून जमील अडकला. नांदगावच्या दारात उभी असलेली जुलेखा त्याच्या डोळ्यांपुढे आली.

"कर्नल," तो म्हणाला.

साहेबाच्या भुवया वर गेल्या. जमील पुढे वाचत गेला. 'टफ' आला, 'थ्रू' आला, 'नाइफ'ही आला. एकानेही दगा दिला नाही. शेवटची ओळ संपली तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

"अर्थ कळतो?" साहेबाने इंग्रजीत विचारलं.

"येस सर." आणि जमीलने गोष्टीचा मतलब मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितला. एका कर्नलने नदी ओलांडली, एवढीच गोष्ट होती.

साहेब उठला. टेबलाला वळसा घालून आला आणि त्याने जमीलचा हात हातात घेतला. "व्हेरी गुड. खरोखर उत्तम."

दारातून खाजामामू डोकावत होते. त्यांचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता. जमीलला रडू फुटायचं तेवढं बाकी राहिलं. संध्याकाळच्याच गाडीने नांदगाव गाठायचं, सासऱ्याच्या पायाला हात लावायचा आणि जुलेखाला घेऊनच परतायचं, असं त्याने उभ्या उभ्या ठरवून टाकलं.

साहेब हेडक्लार्ककडे वळून इंग्रजीत भरभर बोलू लागला. आणि नवल म्हणजे त्यातला शब्दन् शब्द जमीलला कळत होता.

"त्या खोलीत परीक्षांचे गुप्त पेपर बांधतात. एक अक्षरही वाचता येत नाही असाच माणूस मला तिथे हवा, हे तुम्हाला किती वेळा सांगू? याला घरी पाठवा आणि बाहेरच्या त्या दुसऱ्याला बोलवा."