ठेंगणा ओटा

अंजना रानातून आली तेव्हा स्वयंपाकघराचा उंबरा जागेवर नव्हता. दगडाचे तुकडे दारात पडले होते आणि जोतीराम चाकाच्या खुर्चीत बसून पहार पुसत होता.

"हे काय केलं?" तिनं विचारलं.

"तुला ठेच लागत हुती न्हवं," तो म्हणाला.

तिला त्या उंबऱ्याची ठेच कधीच लागली नव्हती. पण ती खाली बसून तुकडे गोळा करू लागली. अलीकडे दोघंही फारसं बोलत नसत.

एकाहत्तरच्या लढाईत तोफगोळ्याचा एक तुकडा जोतीरामच्या पाठीत घुसला आणि कमरेखालचं अंग गेलं. पुण्याच्या इस्पितळातून कोरेगावजवळच्या गावी आला तेव्हापासून त्याची जागा सोप्यात. ताट अंजनाच पुढ्यात आणून ठेवी. दोघांना मूल नव्हतं. सासूसासरे जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

उंबऱ्यानंतर चूल गेली. तिच्या जागी जोतीराम भिंतीलगत विटा रचू लागला. कमरेला पट्टा आवळून तो खुर्चीतून खाली वाके, वीट लावी, ओळंबा धरी. पलटणीत त्यानं पूल बांधले होते. हात अजून साफ होता. अंजनाला मात्र तो कामाला हात लावू देत नसे. सकाळ झाली की म्हणे, "तू जा रानात. हितलं माझं मी बगतो."

ती अंगणात तीन विटा मांडून त्यांवर भाकरी भाजू लागली आणि विचार करू लागली. ज्या माणसानं दोन वर्षांत स्वयंपाकघरात डोकावलं नाही, त्याला आताच हे कुठून सुचलं?

एके दिवशी ती विळा विसरली म्हणून अर्ध्या वाटेवरून परतली. घरातून शालूबाई बाहेर पडत होती. शेजारच्या हरणाबाईची ही धाकटी बहीण, नवऱ्यानं टाकलेली, हल्लीच बहिणीकडं राहायला आली होती. तिचे हात पिठानं माखलेले होते. अंजनाला बघून तिनं मान खाली घातली आणि झपझप निघून गेली.

"शालूबाई कशाला आलीवती?"

"पीठ मागाया," जोतीराम म्हणाला. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

शहाबादी फरशी बसवायला गावातला गवंडी नाथाजी आला. फरशी बसली आणि अंजनाच्या मनातलं पक्कं झालं. ओटा तिच्या मांडीपर्यंतच येत होता. ती उंच बाई. इथं उभी राहून तिनं भाकरी थापली असती तर कंबर मोडली असती. आणि शालूबाई तिच्या खांद्यालाही लागत नव्हती.

तिला राग आला, आणि रागाची लाजही वाटली. कारण मागच्या महिन्यात तिचा भाऊ लालासाहेब कवठे महांकाळहून आला होता. गोठ्याच्या आडोशाला नेऊन म्हणाला होता, "अंजे, तुजं वय काय झालंय? चल माज्यासंगं. दुसरं घर मी बगतो. दिवाळीला येतो न्यायला." ती जाते म्हणाली नव्हती. जात नाही असंही म्हणाली नव्हती. मग आता जोतीरामनं दुसरी आणली तर ती कोणत्या तोंडानं भांडणार होती?

तरी तिच्यानं राहवलं नाही. संध्याकाळी जोतीराम ओट्याच्या कडा घोटत होता. ती दारात उभी राहिली.

"आवं, खरं सांगा. कुणासाटी बांदलाय ह्यो ओटा?"

जोतीरामनं थापी खाली ठेवली. मग खुर्ची मागं घेऊन तो तिच्या बाजूनं सोप्यात गेला आणि चाकं ढकलत परत ओट्याशी आला. उंबरा नव्हता, त्यामुळं मध्ये काही अडलं नाही. खालची जागा त्यानं पोकळ ठेवली होती. त्याचे गुडघे ओट्याखाली सरळ आत गेले. स्टो त्याच्या हाताशी होता. परातही.

"शालूबाईनं भाकरी शिकवली," तो म्हणाला. "आजून वाटोळी येत न्हाई. पर पोटाला चालंल."

"तुमाला कशाला पायजे भाकरी? मी हाय की."

"दिवाळीपातूर हायस."

अंजनानं वळून गोठ्याकडं बघितलं.

"गोठ्यामागं लालासाहेब बोलला ते म्या ऐकलं," जोतीराम शांतपणे म्हणाला. "तू काय म्हंतीस ते ऐकाया थांबलो. तू काय बोलली न्हाईस. जायचं आसंल तर जा. म्या उपाशी ऱ्हाईन म्हणून थांबू नगंस."

अंजना आत आली. त्याच्या शेजारी, ओटा संपत होता तिथं, भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"तवा माजं ठरलं न्हवतं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

त्यानं मान हलवली.

तिनं भिंतीवर आपल्या कमरेजवळ हात टेकवला.

"हितं खूण करा," ती म्हणाली. "माज्या उंचीचा ओटा हितनं फुडं घ्या."