हात वर

"तुझा आदर्श कोण?" वार्ताहराने विचारलं, तशी ठोंबरे सरांनी कॉलर नीट केली. राज्याच्या संघात निवडल्या गेलेल्या हर्षालीला कबड्डी त्यांनीच तर शिकवली होती.

"माझी यमुनामावशी!" हर्षाली म्हणाली. "आई सांगते, फायनलला चढाईवालीचा हात तिच्या पायाला पुसटसा लागला. पंचांना दिसलंसुद्धा नाही. पण ही आपणहून हात वर करून बाहेर गेली."

सरांची मान खाली गेली. त्या एका गुणाने करंडक हुकला, म्हणून त्यांनी यमुनेचा भर मैदानात पाणउतारा केला होता. पुढे संघात कधी घेतलंच नाही.

संध्याकाळी ते बाजारात यमुनेच्या मासळीच्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले. इतकी वर्षं त्यांनी हा रस्ता टाळला होता. बाद झालेल्या खेळाडूसारखा त्यांनी हात वर केला.

यमुनेने सुरी बाजूला ठेवली. त्या हाताकडे बघितलं.

"तेव्हा मी विशीची होते, सर," ती म्हणाली. "आता गुडघे वाकत नाहीत."