भैरूचा कान

सयाजीने पोत्यात पाचट गच्च भरलं, त्याला चिमाबाईचं जुनं लुगडं गुंडाळलं आणि ते उसाच्या कडेला, दबा धरून बसलेल्या जनावरासारखं बुटकं करून ठेवलं. मग आपल्या कुत्र्याची, भैरूची साखळी सोडली.

"धर."

भैरू आवाज न करता गेला. मानेच्या जागी धरून त्याने पोतं तीन-चार वेळा झटकलं. पाचट उधळलं.

"ते लुगडं मी गोधडीला ठेवलं व्हतं," चिमाबाई ओट्यावरून म्हणाली.

"गोधडी मागनं शिव. बिबट्या थांबतुय व्हय तवर?"

"बिबट्या लुगडं नेसून येणाराय का?"

आरती हसली. ती घोडेगावला कॉलेजात शिकवायची, सुट्टीला बोरीला आली होती. चिमाबाईने आपल्या ताटातली अर्धी भाकरी भैरूला टाकली. त्याने ती हलकेच उचलली आणि आरतीच्या पायावर हनुवटी टेकून खाल्ली.

"लई लाड करतो बाई तुझा बाप त्याचे," चिमाबाई म्हणाली. "माझे कधी केलं न्हाईत."

"तू बिबट्याला भीती घालतीस व्हय?"

"तुमाला घालते की."

त्या वर्षी शिवारातल्या बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून खुरपायला जात. वाकलेलं माणूस बिबट्या आधी धरतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चिमाबाईला पट्टा टोचायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गवत कापायला गेली, तेव्हा पट्टा खुंटीलाच होता. सोबतीला भैरू होता.

किंकाळी एकदाच ऐकू आली. आरती कोयता घेऊन धावली. सयाजी विहिरीवर होता. त्याला पोहोचायला वेळ लागला.

चिमाबाई उताणी पडली होती. तिला गळा राहिला नव्हता. हातभर अंतरावर भैरू होता. त्याची कवटी दुभंगली होती, एक डोळा गालावर आला होता. जबड्यात लुगड्याचा तुकडा अडकला होता. आरती बांधावर बसली होती, केसांपर्यंत रक्ताने भरलेली. तिच्या मुठीतून कोयता सोडवायला दोन बाया लागल्या.

"बिबट्या," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले. पंचनाम्यातही तेच आलं. आरतीला कुणी विचारलं नाही.

सयाजीने भैरूच्या दातांतला तुकडा सोडवला. "तिला वडत व्हता बिचारा," तो म्हणाला. "मेला, पर सोडलं न्हाई त्यानं."

चिमाबाईला उचलायच्या आधी त्याने भैरूचा एक कान कापला, डब्यात घातला आणि डबा बर्फात ठेवून जुन्नरला हितेशकडे पाठवला. हितेशचं जनावरांच्या औषधांचं दुकान होतं. मेलेल्या कुत्र्याच्या कानाच्या तुकड्यातून परदेशात हुबेहूब तसंच दुसरं जन्माला घालतात, हा व्हिडिओ त्यानेच कधीतरी सयाजीला दाखवला होता.

चौथ्या दिवशी शिवारात लावलेल्या पिंजऱ्यात बिबट्याची मादी सापडली. वनखात्याची गाडी पोहोचायच्या आत सयाजीने गजांमधून पहार घातली. मादी पहारीला चावली. तिचे दात तुटले. तो भोसकत राहिला. तिच्या आचळांतून दूध आणि रक्त एकत्र गळायला लागलं.

"नाना, बास," आरती म्हणाली.

"तुझी आय खाल्ली हिनं."

"नाना, बास."



तेराव्यानंतर हितेश आला. चहा होईपर्यंत तो चिमाबाईच्या फोटोकडे बघत होता.

"कानातल्या पेशी जिवंत निघाल्या," तो म्हणाला. "होकार द्या, परदेशातली प्रयोगशाळा काम सुरू करील. पण नाना, खरं सांगतो. एका पिल्लासाठी पाच-सहा कुत्र्यांच्या पोटात गर्भ ठेवतात. बरेच पडतात. काही वेडेवाकडे जन्मतात, त्यांना ठेवत नाहीत."

"म्हणजे मारतात," आरती म्हणाली.

"ताई, आमच्या उगमबाई आजीला हे कळलं, तर ती मला दुकानातून हाकलेल. ती म्हणते, जीव कधीच पुढं गेला, आता तुम्ही त्याची खोळ मागताय."

"खोळ तर खोळ," सयाजी म्हणाला. "आत काय भरायचं ते मी बगतो."

"तो भैरू नसेल, नाना. दिसेल तसा. वागेल तुम्ही शिकवाल तसा."

"मग शिकवीन की. तसंच." त्याने बशी खाली ठेवली. "वनखात्यानं दिलेलं पैसं मला खायाला नकोत. ह्यात जाऊ दे. खुरपनारी कुशाबाई काल म्हनली, तुमचा भैरू पाठीशी असता, तर आमी बिनघोर वाकलो असतो. नवा आला की बायांच्या मागं सोडनार. आता कुनाची चिमा व्हायला नको."

आरतीने कपबशा उचलल्या, आत ठेवल्या आणि परत आली.

हितेशने कागद पुढे केला. "इंग्रजीत आहे. ताई, तुम्हीच भरा."

तिने चष्मा लावला. नाव भरलं. वय सहा. रंग तांबूस, छातीवर पांढरा पट्टा. सयाजी शेजारी बसून तिच्या पेनाकडे बघत होता.

"काय इचारलंय आता?"

"मूळ जनावराचा मृत्यू कशाने झाला."

"बिबट्यानं. लिव्ह."

पेन हलेना. सयाजीने तिच्या दंडाला हात लावला, लहानपणी पाटीवर अक्षर अडलं की लावायचा तसा.

"लिव्ह, बाय. आपल्याच मानसासाठी मेला त्यो."

"कोयत्याने," आरती म्हणाली.

हितेशने मान वर केली.

"काय म्हनलीस?"

"मी मारलं त्याला, नाना. दोन घाव घातले, तरी आईचा गळा सोडत नव्हता."